गाऱ्हाणं आणि जानूची म्हैस

विरार,
६ डिसेंबर २०२४

चि. काशीराम,

आशीर्वाद देते आहे, पण कान धरून देते आहे असं समज.

परवापासून तुझे फोन येताहेत. मी ते वाजताना बघते आणि उचलत नाही. माझा फोन बिघडलेला नाही, मी आजारी नाही आणि सुनेने तो लपवून ठेवलेला नाही. तिलाही विचारून झालं म्हणे तुझं. मी फोन उचलत नाही याचं कारण तूच आहेस, आणि ते तुला अजून कळलेलं नाही याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

जानूच्या गुणवंतीने मला सगळं सांगितलं. तिचं घर तुझ्या कुंपणाच्या दगडी गडग्याला लागून, त्यामुळे तुझं काही तिच्यापासून लपत नाही. तिच्या नवऱ्याशी तुझं दीड वर्ष बोलणं नाही हे मला ठाऊक होतं. लहानपणी एका चड्डीत वाढल्यासारखे होतात दोघे, म्हटलं येतील आपसूक ठिकाणावर. पण देवदिवाळीला तू जे केलंस ते ऐकून मी हातातली भाजी तशीच ठेवली.

देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. बाबा काय मागायचे? पाऊस वेळेवर पडू दे, गुरांना चारा मिळू दे, मुंबईला गेलेल्यांना सुखी ठेव. ते एकेक मागणं मागायचे आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. लोक ऐकत नाहीत, नुसता होकार देतात, हे बाबांना माहीत होतं. म्हणून ते फार जपून बोलायचे. तू चारापाणी आटोपलंस आणि त्याच सुरात पुढे म्हणालास, “आनि जो कोन माज्या यमुनेच्या बाराव्याला आला नाय, त्याच्याशी या गावात कोनी बोलू नये, व्हय म्हाराजा!” आणि सगळा गाव ओरडला, व्हय म्हाराजा. गुणवंती म्हणते, सगळ्यात मोठा आवाज जानूचा होता. त्याचं लक्ष नारळाकडे होतं. हे आपल्याबद्दल चाललंय हे त्याला प्रसाद घेताना कळलं.

यमुना माझी भावजय, तिच्या बाराव्याला जानू आला नव्हता हे खरं. पण आणखी एक माणूस आलं नव्हतं. मी. दरड कोसळून गाड्या बंद होत्या आणि मी ठाण्याहून रडत परत फिरले होते. म्हणजे देवासमोर तू ठरवलंस त्याप्रमाणे माझ्याशीही बोलायचं नाहीस. लिहिण्याबद्दल गाऱ्हाण्यात काही नव्हतं. तेव्हा लिही. अक्षर तरी सुधारेल.

आणि ते गाऱ्हाणं मागे घे. शिमग्याला देवाची पालखी तू आणि जानूने मिळून उठवायची असते. पुढच्या दांड्याला आपलं घर आणि त्याचं घर, हा आजोबांपासूनचा मान आहे. गेल्या वर्षी यमुनेला वर्ष झालं नव्हतं म्हणून तू मागे राहिलास आणि भावकीतल्या दुसऱ्याने दांडा धरला, दुःखाच्या वर्षात तेवढं चालतं. या वर्षी दोघांपैकी एक नसला तर पालखी देवळातून हलणार नाही, हे तुला मी सांगायला हवं का?

तुझी
आक्का

*

तळेकोंड, ता. खेड
१५ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,

नमस्कार. घ्यायचा असेल तर घे.

तुला यातून सूट आहे. दरड कोसळली हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी हे गावकीचे प्रमुख गावकर, त्यांनाही सांगितलं आणि ते म्हणाले, “आक्काला सूट हाय.” तरी तू फोन उचलला नाहीस. तू लहानपणी पण अशीच होतीस. खेळात राज्य आलं की नियम काढायचीस.

जानूला मात्र कसली दरड आडवी आली होती? मध्ये फक्त गडगा आहे. त्याने नुसती टांग टाकली तरी तो इकडे पडेल. यमुना त्याला दर भाऊबीजेला ओवाळायची. त्याच्या पाठीला बहीण नाही म्हणून आपणहून ओवाळायची. आणि हा बाराव्याला तोंड दाखवत नाही. ते शब्द मी ठरवून बोललो नाही. देवानेच माझ्याकडून बोलवून घेतले.

गावात सगळं व्यवस्थित चाललं आहे. किरकोळ अडचण पाण्याची आहे. नळपाणी योजनेचा पंप जानू चालवतो आणि त्याच्याशी बोलायचं नाही. मंगळवारी टाकी भरून पाणी पाखाडीवरून वाहत खाली आलं. सगळे पायऱ्यांवर उभे राहून बघत होते. जानू पंपाच्या खोलीत होता, पण सांगणार कोण? गुणवंतीनेही देवळात होकार दिलेला, म्हणून ती पण गप्प. ती हल्ली त्याला ताट वाढते आणि भांडं आपटते. जानूला म्हणे त्यातलं सगळं कळतं, पूर्वीपासूनच कळत होतं. एवढंच काय, होकार त्याने स्वतःही दिलाय, म्हणून तो आंघोळ करताना स्वतःशी पुटपुटायचा ते त्याने बंद केलंय. एवढा प्रामाणिक माणूस बाराव्याला का आला नाही हेच मला कळत नाही.

शेवटी गावकरांच्या आईने तोड काढली. जानूची म्हैस, चांदी, पंपाजवळ चरत होती. म्हातारी तिच्यापाशी गेली आणि म्हणाली, “चांदे, टाकी भरली गो. बंद कर म्हनावं.” म्हैस काही बोलली नाही, पण पंप बंद झाला. तेव्हापासून गाव म्हशीशी बोलतो. म्हशीशी बोलू नये असं मी म्हटलं नव्हतं.

उपकेंद्रात मनस्वी म्हणून नवी डॉक्टरीण आली आहे. तिने मनाच्या आरोग्याचं शिबिर ठेवलं. दवंडी नीट पोचली नाही की काय, अर्धा गाव लघवीच्या बाटल्या घेऊन आला. ती म्हणाली, बाटल्या ठेवा बाजूला, मला तुमचं मन बघायचंय. माझा नंबर आला. तिने विचारलं, “काका, तुम्हाला कसं वाटतं?” मी म्हटलं, “भात बरा आलाय.” ती म्हणाली, “भाताला नाही, तुम्हाला कसं वाटतं?” मी म्हटलं, “मला काय झालंय?” मग तिने ब्लडप्रेशर घेतलं आणि यंत्राकडे बघून पुन्हा एकदा घेतलं. यंत्र जुनं असणार.

मी मजेत आहे. एकट्याला किती लागतं? सकाळची भाकरी रात्री चालते. तू एकदा येऊन जा म्हणजे तुला दिसेल मी किती मजेत आहे ते.

तुझा
काशीराम

*

विरार,
२७ डिसेंबर २०२४

चि. काशीराम,

माझं येणं होणार नाही. गुडघा.

सूट मला नको. गाऱ्हाण्यात दरडीचा उल्लेख नव्हता. गावकर सूट देणारे कोण? होकार देवाने घेतलाय.

तुझं पत्र मी सुनेला वाचून दाखवलं. ती म्हशीपर्यंत हसली आणि पुढे ‘मी मजेत आहे’ आलं तिथे तिने पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. तिने विचारलं, “मामा मामींच्या वेळी रडले होते का हो?” मला सांगता येईना. मी बाराव्याला नव्हते आणि नंतर फोनवर तू मंडपवाल्याने किती टेबलं कमी आणली तेच सांगत होतास. मग मी गुणवंतीला विचारलं. ती म्हणाली, “नाय. वराडत होता. रडला नाय.”

त्या मुलीने विचारलं ते बरोबर विचारलं. काशीराम, माझं पोट बिघडलं तर मी ओव्याचं पाणी घेऊन पडून राहते, त्याने कोणाचं काही अडत नाही. पण तू गाऱ्हाणं घालणारा माणूस. सगळ्या गावाचं मागणं तुझ्या तोंडातून देवापुढे जातं. तुझं मन नासलं की गावाचं पाणी पाखाडीवरून वाहून जातं, हे तूच मला लिहून कळवलंयस. वर म्हणतोस, सगळं व्यवस्थित आहे.

गाऱ्हाणं मागे घे. भांडण ठेव हवं तर, पण गावाला त्यातून मोकळं कर.

आक्का

*

तळेकोंड,
२२ जानेवारी २०२५

ती. आक्कास,

नमस्कार.

तुझ्या सांगण्यावरून गाऱ्हाणं मागे घ्यायला गेलो. आता जे झालं त्याचा दोष मला देऊ नको.

आधी गावकी बसली. विषय शिमग्याचा. पालखी उठणार की नाही? मुंबईकरांचे फोन सुरू झालेत, सुट्ट्या टाकू की नको म्हणून. आपल्या आळीतली निम्मी घरं वर्षातून एकदा उघडतात ती पालखीसाठी. पालखीच निघाली नाही तर ती तेवढीही उघडणार नाहीत. जानूला बैठकीला बोलावणं भाग होतं, कारण मान त्याचा. आणि बोलावलं तरी त्याच्याशी बोलायचं कसं? म्हणून चांदीला आणून सभामंडपाच्या खांबाला बांधली. गावकर म्हणाले, “चांदे, यंदा पालखीचं काय करायचं तुमच्या घरानं?” जानू मान खाली घालून बसला होता. चांदीने तिथेच शेण टाकलं. ते इतिवृत्तात लिहावं की नाही यावर पाऊण तास वाद झाला.

मग मी उठलो. म्हटलं, घेतो मागे, चला देवळात. सगळे आले, जानूही आला. मी हात जोडून सुरुवात अगदी चांगली केली. “बा देवा, मागच्या खेपंला रागाच्या भरात बोललो ता परत घेतो, व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. तिथे थांबायला हवं होतं. पण माझी नजर जानूवर गेली आणि तोंडातून निघालं, “जरी तो मानूस बिनकाळजाचा हाय, तरी परत घेतो, व्हय म्हाराजा!” आणि गाव ओरडला, व्हय म्हाराजा. जानूचा आवाज यात पण होता. त्याला सवय आहे, तो तरी काय करणार?

म्हणजे आता सगळ्या गावाने देवासमोर साक्ष दिली की जानूला काळीज नाही. वर गावकर म्हणतात, शिवी घालून मागे घेतलेलं देव धरत नाही, म्हणून बंदी तशीच. गुणवंती पदर खोचून माझ्याकडे आली आणि चांदी जवळ नव्हती म्हणून माझ्या अंगणातल्या तुळशीला जे बोलायचं ते बोलली. ते इथे लिहीत नाही.

गुरवाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, “काशीराम, गाऱ्हानं तोंडातून निघतं, पन येतं पोटातून. तुज्या पोटात अजून आंबट हाय. ता निवळल्याबिगर तिसऱ्यांदा उभा ऱ्हावू नको. नायतर गाव उठायचा.”

पोट निवळायचं कसं, हे गुरवाला माहीत नव्हतं, म्हणून मनस्वीकडे गेलो. तिने एक घरचा अभ्यास दिलाय. रोज एक खरं वाक्य बोलायचं, आपल्याला कसं वाटतं त्याचं. ज्याच्याशी बोलायला बरं वाटतं त्याच्यापाशी बोलायचं. मी विचार केला. अशी दोनच माणसं. एक यमुना. दुसऱ्याचं नाव लिहीत नाही.

मग म्हैस उरली. संध्याकाळी चांदी गडग्यापलीकडे बांधलेली असते. पहिल्या दिवशी तिला म्हटलं, “आज गवत ओलं होतं.” मनस्वी म्हणाली, हे गवताचं झालं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, “मला राग येतो.” ती म्हणाली, हे बरं आहे, पण हे सगळ्यांना माहीत आहे, याच्या खालचं काढा. सध्या खालचं काढतो आहे. म्हैस चांगली ऐकते, मध्ये बोलत नाही.

तू का येत नाहीस? गुडघ्याला तेल लावतेस ना?

काशीराम

*

तळेकोंड,
१० फेब्रुवारी २०२५

ती. गंगाआक्का यांस,

जानूचा नमस्कार. मी पत्र लिहिणारा माणूस नाही, पण तुम्ही पण बाराव्याला नव्हतात आणि मी पण नव्हतो. आपण दोघांनी एकमेकांशी बोललेलं चालतं की नाही हे गावकीने अजून ठरवलं नाही, म्हणून गुणवंतीने कागद आणि पेन माझ्यासमोर आपटलं.

एक विचारायचं आहे. काश्या रोज संध्याकाळी माझ्या म्हशीशी बोलतो. पहिल्या दिवशी मी चांदीचं दूध काढत होतो. गडग्यामुळे त्याला मी दिसलो नाही. उठलो असतो तर त्याला लाज वाटली असती, म्हणून बसून राहिलो. आता रोज त्या वेळेला आधीच जाऊन बसतो. तोंडावर पंचा धरतो, आवाज जाऊ नये म्हणून. गुणवंतीला वाटलं माझी दाढ दुखते. असं ऐकणं पाप आहे का, ते कळवावं.

तो काय बोलतो ते सांगू नये, पण मला एकट्याला ते पेलत नाही. गेल्या आठवड्यात म्हणाला, चांदे, संध्याकाळी मना घरात जावासा वाटत नाय. मग एक दिवस म्हणाला, यमुना होती तवा मी वराडलो की ती गप म्हनायची. आता गप म्हनायला कोनी नाय, म्हनून वराडना संपतच नाय. आणि काल म्हणाला, चांदे, च्या अजून दोन कपांचा होतो. एक पितो नि एक वततो.

आक्का, माझं काळीज नाही असं गावाने देवाला सांगितलं आहे. होकार मी पण दिला, त्यामुळे बोलता येत नाही. पण तुम्हाला लिहितो. बाराव्याच्या दिवशी मी धुतलेले कपडे घालून निघालो होतो. गडग्यापर्यंत आलो. काश्या अंगणात मंडपवाल्यावर ओरडत होता. डोळे कोरडे. मला वाटलं, मी आत पाऊल टाकलं तर मला आवरणार नाही. मग सगळे मलाच धरून बसतील. बायको गेली काश्याची आणि गाव सांभाळतोय मला, हे बरं दिसलं नसतं. म्हणून मागे फिरलो आणि गोठ्यात चांदीजवळ बसलो. वहिनींनी ओवाळलेल्या सगळ्या भाऊबिजा मला तिथे आठवल्या.

हे काश्याला सांगू नका. पाणी रोज सकाळी सहाला सोडतो, तुमच्या माहेरची टाकी फुकट भरून ठेवली आहे, तुम्ही याल म्हणून.

आपला
जानू

*

विरार,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. काशीराम,

आशीर्वाद. या वेळी कान सोडून.

म्हशीशी बोलणं चालू ठेव. ती ऐकते आहे, माझा भरवसा आहे तिच्यावर. तुझ्या पत्रात राग सोडून दुसरं काही दिसलं नाही, पण तिला तू त्याहून बरंच सांगत असशील असं मला वाटतं. असं का वाटतं ते विचारू नको. मी मोठी बहीण आहे.

इतके दिवस तू तिला सांगतोस. एक दिवस तिला विचारून बघ. विचार, “चांदे, बाराव्याला तुमच्या घरचं कोनी का आलं नाय?” विचारशील आणि लगेच पाठ फिरवून घरात जाशील, तसं करू नको. थांब. उत्तर यायला वेळ लागतो. तू समोरच्याला उत्तर द्यायला वेळ दिलास असं माझ्या आठवणीत एकदाही झालेलं नाही.

दीड वर्ष तू एकच गोष्ट धरून बसलास, कोण आलं नाही. यमुना गेली ही गोष्ट त्याच्या मागे झाकून ठेवलीस. जानूवर रागावणं सोपं होतं, कारण तो परत येऊ शकतो.

शिमगा जवळ आला. माझा गुडघा तसाच.

आक्का

*

तळेकोंड,
१६ मार्च २०२५

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार.

गुणवंतीला मी हात जोडून सांगितलं की आक्काला फोन करू नको, हे मला माझ्या हाताने लिहायचं आहे. तिने ऐकलं. असं तिने कोणाचं ऐकल्याचं पहिल्यांदाच पाहिलं.

तू लिहिल्याप्रमाणे मी चांदीला विचारलं. आणि थांबलो. फार वेळ थांबलो. म्हैस रवंथ करत होती. मग गडग्याच्या पलीकडून, अगदी खालून, आवाज आला, “चांदे, त्याला सांग, आलो होतो. गडग्यापर्यंत आलो होतो.”

आक्का, तो महिनाभर तिथे बसून होता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. पहिल्यांदा राग आला. मग मी काय काय बोललोय ते आठवलं आणि रागही नीट येईना. मी म्हटलं, “चांदे, त्याला विचार, मग आत का नाय आला?” तो म्हणाला, “चांदे, सांग त्याला, मी रडलो असतो. तो रडत नव्हता. मग मी कसा रडू?” मी म्हटलं, “चांदे, सांग त्याला, तो आला असता तर मी रडलो असतो. मी त्याचीच वाट बघत होतो.”

म्हैस मध्ये उभी होती, तिने दोघांकडे एकेकदा बघितलं. बोलायचं नाही हा नियम आम्ही मोडला नाही, हे तू लक्षात घे. सगळं म्हशीमार्फत झालं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पालखी सजवून ठेवली होती. मुंबईकर सगळे आलेले. पालखी उठते की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. गुरवाने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “निवळलं?” मी म्हटलं, “बरंचसं.” त्याने नारळ हातात घेतला. जानू दांड्याजवळ उभा होता, पण हात लावलेला नव्हता.

मी पाठ करून गेलो होतो ते सगळं विसरलो. पाऊस, चारा, मुंबईकर आठवले तेवढे मागितले. मग म्हटलं, “बा देवा, मागं दोनदा वंगाळ बोललो. ता रागानं नव्हं, दुखत होतं म्हनून बोललो. ता कोनाला लागू नको, व्हय म्हाराजा!” गावाने होकार दिला. मग म्हटलं, “जानू गडग्यापातूर आला होता. तो आला असा धर, व्हय म्हाराजा! माजी आक्का ठान्यापातूर आली होती. ती पन आली असा धर, व्हय म्हाराजा!” होकार मिळाला. जानूचा आवाज नव्हता. त्याने तोंडावर पंचा धरला होता.

इथे थांबायचं ठरलं होतं. पण आक्का, माझं तोंड थांबत नाही हे तुला माहीत आहे. पुढचं आपोआप आलं. “आनि माजी यमुना गेली देवा. मना एकट्याला जेवाया लावू नको, व्हय म्हाराजा!”

गाव सवयीने ओरडला, व्हय म्हाराजा. आणि मग सगळ्यांना कळलं की काय म्हटलं ते. गुरवाने नारळ फोडला, ढोल सुरू झाले, मी आणि जानूने दांडे धरले आणि पालखी उठली. मी रडत होतो. ढोलाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नाही असं मला वाटलं. मनस्वी नंतर म्हणाली, ढोल कमी ऐकू येत होते. पालखी टेकवायच्या सहाणेपर्यंत गेल्यावर जानू माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. म्हणाला, “काश्या, खांदा बदल. माजा आंबला.”

पालखी आपल्या घरी आली तेव्हा ओटी भरायला यमुना नव्हती. गुणवंतीने भरली. मला ते बघवलं आणि नाही पण बघवलं. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

आता अडचण वेगळीच झाली आहे. गावाने देवासमोर कबूल केलंय की काशीरामने एकट्याने जेवायचं नाही. त्या संध्याकाळी पाच घरांतून ताटं आली. एकीकडे पुरणपोळी, एकीकडे कुळथाचं पिठलं, एकीकडे सुकटीचं कालवण. ज्यांची ताटं परत पाठवावी लागली त्यांनी रुसून देवाची आठवण करून दिली. शेवटी गावकी बसली आणि वार ठरवून दिले. सोमवार जानूकडे, मंगळवार गावकरांकडे. ब्लडप्रेशर पहिल्यांदाच उतरलं आहे. मनस्वी म्हणते, यंत्र तेच आहे.

आणि गंमत सांगू? मी एकटा नव्हतो. वार लावून देताना गावकरांची आई हळूच म्हणाली, “माजा पन एक वार धरा.” तिची सगळी पोरं मुंबईला. वरच्या आळीतला एक म्हातारा म्हणाला, माझाही. आता दर गुरुवारी आम्ही सगळे एकटे लोक सभामंडपात एकत्र जेवणार. चांदीला पण आणणार. ती आता गावकीचीच झाली आहे.

बोलण्याची बंदी उठली, फोन करायला हरकत नाही. पण त्याआधी एक राहिलंय. शेवटच्या मागण्याला सगळ्या गावाचा होकार झाला, फक्त तुझा नाही, कारण तू इथे नव्हतीस. हे पत्र वाचून झालं की मोठ्याने म्हण.

तुझा
काशीराम

*

विरार,
२४ मार्च २०२५

चि. काशीराम,

अनेक आशीर्वाद.

व्हय म्हाराजा. स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं, सून आतून धावत आली.

गुडघा बरा आहे. गेलं वर्षभर बराच आहे. यमुनेशिवाय त्या घराचा उंबरठा ओलांडवत नव्हता, म्हणून सगळं गुडघ्यावर ढकलत होते. तुझ्या गाऱ्हाण्यात मी आले असं देवाने धरलंय, तर आता खरंच यायला हवं.

रविवारी दुपारी खेड स्टेशनला उतरते. जानूला घेऊन ये, आणि फलाटावर ओरडू नको.

चहा नेहमीसारखा दोन कपांचा ठेव. दुसरा ओतू नकोस.

आक्का